धोका हटवा, तिला नव्हे

अहेरी उपविभागाच्या जीवनात गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी जवळजवळ हातात हात घालून आल्या. एक खाण आणि दुसरा मोबाइल. सूरजागडच्या डोंगरावरील ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ साली मंजूर झाला होता. पण कागदावरचा पट्टा आणि जमिनीवरचे काम यांच्यामध्ये नक्षलवाद्यांची बंदूक उभी होती. डिसेंबर २०१६ मध्ये याच डोंगरावर सुमारे ऐंशी वाहने जाळण्यात आली आणि काम थंडावले. २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मार्च २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा राहिला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षल चळवळीचा ज्येष्ठ म्होरक्या भूपती याने आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशके ज्या भूमीने केवळ भय पाहिले, तेथे हे परिवर्तन स्वागतार्हच आहे. त्याबद्दल ज्यांना पोटशूळ उठतो, त्यांची चिंता येथे करण्याचे कारण नाही.

चिंता आहे ती वेगळी. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गावरून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या गावांतील माडिया आणि गोंड मुली आता घराबाहेर पडल्या आहेत. कोणी वजनकाट्यावर आहे, कोणी कॅम्पच्या खानावळीत, कोणी साफसफाईच्या कंत्राटात, तर काही जणी प्रशिक्षण घेऊन चक्क अवजड डंपर चालवू लागल्या आहेत. जिच्या आईने तेंदूच्या फळीवर पुडके मोजण्यात आणि बांबू तोडण्यात आयुष्य घालवले, तिची मुलगी डंपरच्या केबिनमध्ये बसते हे दृश्य पाहून कोणाही संवेदनशील माणसाला आनंदच होईल. मात्र त्या मुलीच्या हाती पगाराबरोबर जो मोबाइल आला, त्यावर रात्री दहा वाजता कोणाचा संदेश येतो, हे कोणी विचारते का?

हा प्रश्न कपोलकल्पित नाही. आज कामाच्या पाळीची सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर येते, हजेरी तेथेच लागते, रजा तेथेच मागावी लागते. म्हणजे मुलीचा क्रमांक गटातील प्रत्येक पुरुषाकडे आपोआप जातो. मुकादमाचा ‘जेवलीस का?’ हा संदेश दिसायला निरुपद्रवी. उत्तर दिले नाही तर दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. उत्तर दिले तर पुढचा संदेश येतो. त्या क्रमांकावर बंदी घालावी तर कामाची सूचनाच मिळत नाही. एखाद्या सहकाऱ्याने चालत्या कामात तिचे चित्रण करून त्याखाली गलिच्छ ओळ लिहून ते पुढे पाठवले, तर कामाचा छळ कोणता आणि मोबाइलवरचा कोणता, हे कसे वेगळे करायचे? शहरातील चर्चासत्रांत ‘कामाच्या ठिकाणची हिंसा’ आणि ‘ऑनलाइन हिंसा’ हे दोन निराळे विषय असतात. खाणपट्ट्यात तो एकच विषय आहे. हात एकच असतो. दिवसा हजेरीच्या वहीवर आणि रात्री मोबाइलवर.

आणि मग घरी कळते. घरी कळल्यावर काय होते, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मुलीच्या हातातून मोबाइल काढून घेतला जातो. काम सोडायला लावले जाते. वर्षभरात लग्न उरकले जाते. मुकादम तेथेच असतो, त्याचा मोबाइल त्याच्याच खिशात असतो आणि तिच्या जागी दुसरी मुलगी कामावर येते. बापाच्या मनात वाईट काही नसते. मुलीच्या अब्रूची काळजीच त्याला असे करायला लावते. पण फलित पाहिले तर शिक्षा भोगते ती तक्रार करणारी, आणि तिला ती देतो तिचाच बाप.

धोका हटवण्याऐवजी स्त्रीलाच हटवायचे, ही रीत केवळ अहेरीच्या एखाद्या वाडीपुरती नाही. आपल्या देशाच्या खाण-कायद्याचा इतिहास हाच आहे, आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राणीगंज-झरियाच्या कोळसा खाणींत स्त्रिया हजारोंच्या संख्येने भूगर्भात उतरत. पुरुष कोळसा फोडे, स्त्री तो टोपलीत भरून वाहून नेई. कुटुंबे एकत्र राबत. तेथील स्थिती भयंकर होती यात शंका नाही. लहान मुलेही त्या अंधारात असत. १९२९ च्या नियमांनी भूगर्भातून स्त्रियांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्याचे ठरले आणि १९३७ पासून बंदी पूर्ण झाली. हेतू मानवतेचा होता. पण बाहेर काढलेल्या त्या स्त्रियांची मजुरी कोठून भरून येणार, याचा विचार कोणी केला नाही. पुढे महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये सरकारने तीच बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. या निर्णयावर मध्यवर्ती विधिमंडळात टीका झाली तेव्हा त्यांनी तो आपद्धर्म असल्याचे सांगितले आणि भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन देण्याचे तत्त्व मांडले. त्याच डिसेंबरात ते स्वतः धनबादच्या खाणी पाहून आले होते. खाणीतील स्त्रीला प्रसूतीचा लाभ देणारा कायदा त्यांच्या कारकिर्दीत सुधारला गेला. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. गरज होती तेव्हा स्त्री चालली. गरज संपली तेव्हा तिची ‘काळजी’ पुन्हा आठवली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या खाण अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने हीच चौकट कायम केली. भूगर्भात स्त्री नको आणि भूपृष्ठावर सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्याच वेळेत. परिणाम असा की, ज्या मोठ्या खाणींत वेतनमंडळ होते, भविष्यनिर्वाह निधी होता, रुग्णालय होते, तेथून स्त्री बाहेर पडली. ज्या गिट्टीच्या खदानींत, वीटभट्ट्यांत आणि ठेकेदारांच्या टोळ्यांत यातले काहीही नव्हते, तेथे मात्र ती राहिली. म्हणजे सुरक्षित जागेतून असुरक्षित जागेत तिचे स्थलांतर झाले, तेही तिच्या सुरक्षेच्या नावाने!

चंद्रपूर जिल्ह्यातील वाचकांना वेकोलिच्या वसाहतींचा अनुभव आहे. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर, माजरी, सास्ती ही गावे कोळशावरच वाढली. तेथे कामावर असलेल्या स्त्रियांमध्ये पतीच्या मृत्यूनंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या पुष्कळ. पती खाणीत गेला, पत्नी झाडू किंवा फायली घेऊन कार्यालयात आली. पतीचे जुने सहकारी आता तिचे वरिष्ठ. या स्त्रीने तोंड उघडायचे म्हटले तर तिच्या नोकरीवर संपूर्ण घर उभे असते. २०१४ च्या सुमारास कोल इंडियाच्या कंपन्यांनी स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. आईने नोकरी सोडली की तिच्या जागी मुलाला घेण्याची तीत सोय होती. योजनेला ‘विशेष’ असे म्हटले गेले. विशेष एवढेच होते की स्त्रीची जागा पुरुषाला देण्याचा मार्ग प्रशस्त झाला. त्या वेळी कोणाही कामगार पुढाऱ्याला त्यात वावगे दिसले नाही. उलट अर्ज भरून देण्यात पुढारीच पुढे असत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

आता चित्र पालटते आहे. २०१९ च्या आरंभी केंद्र सरकारने अधिसूचना काढून स्त्रियांना भूपृष्ठावर रात्रपाळीची आणि भूगर्भात दिवसा तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या कामांची मुभा दिली. तिची लेखी संमती हवी, पाळीत किमान तिघी असाव्यात, सुरक्षेची व्यवस्था असावी, अशा अटी होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये झारखंडच्या उत्तर करणपुरा क्षेत्रात आकांक्षा कुमारी या तरुण अभियंत्या कोल इंडियाच्या भूगर्भातील खाणीत रुजू झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि संमती व सुरक्षेच्या अटींवर सर्व प्रकारच्या कामांची दारे स्त्रीला उघडली. कायद्याने प्रथमच स्त्रीला हटवण्याऐवजी धोका हटवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. आता प्रश्न आहे तो मालक ती घेतो का, आणि समाज त्याला ती घ्यायला लावतो का, हा.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना गडचिरोलीला फार लांब पाहण्याची गरज नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे घडले, त्याने साऱ्या देशाचा कायदा बदलला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. मजुरी करून पोट भरणारी एक वनवासी मुलगी. भावाच्या तक्रारीवरून तिला चौकशीला आणले होते आणि नातेवाईक बाहेर उभे होते. आत ज्यांनी तिचे रक्षण करायचे, त्यांच्याच वर्दीवर आरोप आला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमतीच असली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देश ढवळून निघाला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, हे तत्त्व तेव्हा आले. पीडितेचे नाव छापण्यास बंदी करणारे कलमही तेव्हाचेच. ती मुलगी ज्या नावाने देशभर ओळखली गेली ते नाव येथे दिलेले नाही, त्याचे कारण हेच.

देसाईगंजची शिकवण आजच्या खाणीला जशीच्या तशी लागू पडते. जिच्यावर दुसऱ्याची सत्ता चालते, तिचे मौन म्हणजे संमती नव्हे. ठाण्यातील शिपाई आणि खाणीतील मुकादम यांच्या सत्तेत अंशाचा फरक असेल, जातीचा नाही. दिवसाची हजेरी ज्याच्या हाती, त्याच्यासमोर ओरडायचे कसे?

ऑगस्ट १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि डिसेंबर २०१३ पासून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू झाला. हा कायदा वाईट नाही. उलट वाचला तर वनवासी भागाचा विचार त्यात पुष्कळ आहे. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ अशी प्रत्येक स्त्री त्यात येते. ठेकेदाराने आणलेली मजूरही येते. मालकाने दिलेली गाडीदेखील ‘कामाचे ठिकाण’ आहे, म्हणजे पहाटेच्या पाळीला मुलींना घेऊन जाणारे वाहनही त्याच्या कक्षेत. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्या स्त्रिया आणि एक व्यक्ती बाहेरच्या संस्थेची. तक्रार तीन महिन्यांत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. जिला लिहिता येत नाही, तिला लेखी तक्रार करण्यास साहाय्य करण्याचे बंधन समितीवरच आहे. आणि एक कलम तर आपल्या गावगाड्याला उद्देशूनच लिहिले असावे असे वाटते. समेट होऊ शकतो, पण पैशाच्या आधारावर नाही. दंड घेऊन, गावजेवण घालून प्रकरण मिटवण्याची जी रीत आहे, तिला कायद्याने दार बंद केले आहे.

जेथे दहा माणसे नाहीत किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती. ती जिल्हा पातळीवर, म्हणजे गडचिरोलीला. अहेरीपासून गडचिरोली शंभराहून अधिक किलोमीटर. भामरागड आणि सिरोंचा त्याहून लांब. सकाळी एस.टी.ने निघालेली बाई रात्री घरी पोहोचेल याची शाश्वती नाही, आणि गेला दिवस तो मजुरीचा गेला. हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणूनच ग्रामीण आणि वनवासी भागात प्रत्येक तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमावा, त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवावी, अशी तरतूद आहे. अहेरी, एटापल्ली, मुलचेरा, भामरागड, सिरोंचा या पाच तालुक्यांत हा अधिकारी कोण, हे रस्त्यावरच्या किती जणांना सांगता येईल? गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेच मे २०२३ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी देशातील प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी, स्थानिक समिती आणि तालुक्याचे समन्वय अधिकारी नेमण्याचे कालबद्ध आदेश दिले. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर! नेमणुकीचा कागद निघणे आणि तो अधिकारी हेडरीच्या फाटकावरील बाईला माहीत असणे, यांत अंतर आहे.

भाषेचा अडसर तर कोणी विचारातच घेत नाही. माडिया बोलणारी स्त्री मराठीत आपले दुःख मांडताना अर्धे गिळते. सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली. समितीपुढे साक्ष देताना दुभाषा म्हणून तिच्याच गावचा, त्याच ठेकेदाराकडचा माणूस बसवला तर चौकशी तेथेच संपली. माडिया जाणणाऱ्या शिक्षिका, आरोग्यसेविका, अंगणवाडी ताई या भागात आहेत. त्यांना या कामासाठी तयार करणे अवघड नाही.

शिक्षित, वर्दीतील, अधिकारपदावरील स्त्रीचीही स्थिती याहून बरी असते असे समजू नये. मेळघाटातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची कहाणी होती. जंगलातील तस्करांशी दोन हात करणारी ही अधिकारी आपल्याच खात्यापुढे एकाकी पडली. राज्य हळहळले. समित्यांच्या गोष्टी झाल्या. जंगल खात्याच्या दुर्गम परिक्षेत्रात एकट्या राहणाऱ्या वनरक्षक मुलींच्या मनात त्या घटनेने जे घर केले, ते मात्र एखाद्या परिपत्रकाने निघणारे नव्हते.

हे केवळ आपल्याकडील मागासलेपणाचे लक्षण आहे, असे म्हणण्याची आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांना सवय आहे. त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तेथील खाणउद्योग जगातील सर्वांत श्रीमंतांपैकी. रिओ टिंटो या बलाढ्य कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच कामगारांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. अठ्ठावीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी कामावर लैंगिक छळ अनुभवल्याचे सांगितले. एकवीस स्त्रियांनी पाच वर्षांत प्रत्यक्ष बलात्कार अथवा लैंगिक अत्याचार वा तसा प्रयत्न झाल्याचे नोंदवले. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळ समितीने विमानाने ये-जा करणाऱ्या खाणकामगारांच्या कॅम्पांची चौकशी केली, तेव्हा तेथेही असेच उघडे पडले. गावापासून दूर, पुरुषांचे प्रचंड बहुमत, दारू, एकाच आवारात काम आणि निवास. ही वैशिष्ट्ये पर्थच्या उत्तरेला आहेत तशीच ती कोठल्याही खाणीच्या कॅम्पात असतात. संपन्नता आली की संस्कार आपोआप येतात हा भ्रम त्या अहवालाने दूर करावा. मात्र एक गोष्ट त्या कंपनीकडून घेण्यासारखी आहे. तिने आकडे लपवले नाहीत. आपल्याकडे ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ हे भूषण मानले जाते. खाणीत काम करणाऱ्याला ठाऊक असते की, ज्या खाणीच्या नोंदवहीत वर्षभर किरकोळ अपघाताचीही नोंद नाही, तेथे अपघात होत नसतात असे नाही. ते लिहिले जात नसतात.

मोबाइलवरील छळाबद्दल काही व्यावहारिक गोष्टी कार्यकर्त्यांनी समजून घेतल्या पाहिजेत. चोरून चित्रण करणे, पाठलाग करणे, नको म्हटल्यावरही संदेश पाठवत राहणे हे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील स्वतंत्र गुन्हे आहेत. अश्लील मजकूर पुढे पाठवणारा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीही सापडतो. ‘मी तयार केले नाही, फक्त पुढे पाठवले’ हा बचाव होऊ शकत नाही. पीडित अनुसूचित जमातीची असेल आणि छळणारा नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. सामाजिक माध्यमांच्या कंपन्यांना तिच्या नग्न अथवा बनावट चित्राबद्दल तक्रार आल्यास २०२१ च्या नियमांनी चोवीस तासांची मुदत घातली. राष्ट्रीय सायबर तक्रार संकेतस्थळावर अशा प्रकरणी नाव न सांगताही तक्रार करता येते. १९३० हा क्रमांक पैशाच्या फसवणुकीचा. स्त्रीसाठी १८१ आणि तातडीला ११२. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संदेश पुसून टाकू नयेत. घरात कळले की लाजेपोटी पहिली गोष्ट केली जाते ती ही, आणि तिथेच पुरावा नाहीसा होतो.

गडचिरोली पोलिसांनी दुर्गम ठाण्यांत आणि मदत केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ नावाचा उपक्रम चालवला आहे. दाखले, योजना, भरती, प्रशिक्षण अशी अनेक कामे वनवासी बांधवांची या खिडकीवर होतात. बंदुकीच्या छायेतील माणसाला पोलिसाविषयी विश्वास वाटावा म्हणून उघडलेली ही खिडकी आता बंदूक दूर होत असताना अधिक उपयोगाची आहे. त्याच खिडकीमागे आठवड्यातून एक दिवस माडिया जाणणारी महिला पोलीस शिपाई बसवली, मोबाइलवरील छळाची तक्रार भरून द्यायला, तर जिल्ह्याच्या सायबर ठाण्यापर्यंतचा प्रवास वाचेल. अहेरीला अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे. यासाठी नवा कायदा नको, नवे पद नको.

नक्षलवाद्यांनी वनवासी स्त्रीच्या मुक्तीच्या घोषणा दिल्या आणि दलममध्ये लग्न करू इच्छिणाऱ्या तरुणांची नसबंदी केली. शरण आलेल्या अनेकांनी ही हकिकत सांगितली आहे. मूल व्हावे म्हणून त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची व्यवस्था पोलिसांना करावी लागली. स्त्रीमुक्तीचे गोडवे गाणाऱ्या शहरी विचारवंतांनी यावर कधी लेखणी झिजवली नाही. हे सांगितलेच पाहिजे. पण दुसऱ्याच्या वहीतील पाप मोजून आपला हिशेब पूर्ण होत नाही.

आपला हिशेब असा आहे. व्यासपीठावर रांझ्याच्या पाटलाची गोष्ट सांगितली नाही असा शिवजयंतीचा उत्सव होत नाही. १६४६ सालचे ते पत्र उपलब्ध आहे. पाटलाचे हात-पाय तोडले, हे ऐकताना टाळ्या पडतात. त्याच पत्रातली दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते. त्याची पाटिलकी काढून घेतली गेली. सत्तेच्या बळावर ज्याने स्त्रीशी बदअमल केला, त्याची सत्ता प्रथम गेली. महाराजांनी गावातील लेकी-सुनांना घराबाहेर पडू नका असे फर्मान काढले नाही. मुकादमाची मुकादमी जाणे हा आजचा त्याचा अर्थ. हात-पाय तोडण्याच्या गोष्टी सांगणारे कितीसे तरुण आपल्या ओळखीच्या ठेकेदाराला ‘या माणसाला कामावरून काढ’ असे सांगायला जातात?

आणि ते गट. उत्सवाचा, वर्गणीचा, शाळूसोबत्यांचा, गावचा. सकाळी सुविचार आणि देवाचे चित्र, रात्री एखाद्या मुलीची चित्रफीत. दोनशे जण पाहतात. काही जण हसल्याची खूण टाकतात, बाकीचे गप्प. पाहणाऱ्यांत शिक्षक असतात, दुकानदार असतात, धर्मकार्यात अग्रेसर असणारेही असतात. द्रौपदीने कुरुसभेत जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देताना पितामहांना धर्माची गती सूक्ष्म वाटली होती. त्या सभेत दुर्योधनाचाच एक धाकटा भाऊ, विकर्ण, उठून हे अन्यायाचे आहे असे स्पष्ट बोलला. वयाने लहान म्हणून त्याला गप्प बसवले गेले, तरी महाभारताने त्याचे नाव राखले आहे. गटात असा एक विकर्ण निघाला, ‘हे काढ, नाहीतर मी पोलिसांत देतो’ एवढे लिहिले, तर चित्रफीत पुढे जायची थांबते. गटाच्या प्रमुखाने त्याला साथ दिली तर पाठवणाऱ्याचे धाडस पुन्हा होत नाही. एवढे करायला कोणत्याही प्रशिक्षणवर्गाची गरज नसावी.

चंद्रपूरच्या गोंड राणी हिराईने पतीच्या पश्चात दत्तक पुत्र रामशहाच्या नावाने राज्याचा कारभार पाहिला, मंदिरे बांधली. गडचिरोलीच्या स्त्रियांनी १९९३ मध्ये जिल्हा दारूमुक्त करून घेतला आणि अनेक निवडणुका आल्या-गेल्या तरी तो निर्णय टिकवला. संघटित स्त्रीशक्ती या मातीला नवी नाही. खाणीच्या प्रश्नावर मात्र ती अजून एकेकटी आहे, कारण खाणीतली स्त्री कोणत्याच संघटनेच्या यादीत नाही. ती तेंदूवाली नाही, शेतमजूर नाही, बचतगटाच्या बैठकीला पाळीमुळे येऊ शकत नाही. कामगार संघटनांना कायम कामगार दिसतो, ठेकेदाराची बाई दिसत नाही. मजदूर क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या यादीची सुरुवात आलापल्लीच्या बसस्थानकापासून करावी. पहाटेच्या गाडीची वाट पाहत त्या तेथेच उभ्या असतात.

या क्षेत्रात ग्रामसभांना पेसा कायद्याचे बळ आहे. रस्ता, पाणी, नोकऱ्या यांवर ग्रामसभा कंपन्यांना प्रश्न विचारतात. आणखी एक प्रश्न त्यात घालावा लागेल. जुलै २०२५ पासून कंपन्यांनी आपल्या संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती नव्वद दिवसांहून अधिक पडून आहेत, हे आकड्यांत सांगणे बंधनकारक झाले आहे. या भागात खनिज काढणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या प्रत्येक कंपनीचा तो अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. त्या आकड्यांत ठेकेदारांकडील बाया मोजल्या आहेत की नाहीत, वाहतूकदारांच्या कार्यालयात अंतर्गत समिती आहे का, तिच्या बाहेरच्या सदस्येचे नाव काय आणि ती शेवटची हेडरीला केव्हा आली होती, हेही त्याच बैठकीत विचारता येईल.